कानातून बोटांत

वर्ड प्रोसेसर म्हटलं की डोळ्यांसमोर एक कोरं पान येतं, त्यावर लुकलुकणारा कर्सर, आणि समोर डोकं खाजवत बसलेला कुणीतरी लेखक. पण हा शब्द बाजारात आला तेव्हाचं चित्र वेगळं होतं. एका खोलीत साहेब बोलतोय, यंत्र त्याचं बोलणं साठवतंय आणि दुसऱ्या खोलीत एक बाई कानाला हेडफोन लावून ते टाइप करतेय. आयबीएम कंपनीच्या जर्मनीतल्या उलरिश श्टाइनहिल्पर नावाच्या टाइपरायटर-विक्रेत्याच्या डोक्यात १९५०च्या दशकात ही कल्पना आली. आकड्यांवर प्रक्रिया करतात तशी शब्दांवरही करता येईल, असं त्याचं म्हणणं. १९६४ साली आयबीएमने चुंबकीय टेपवर मजकूर साठवणारा टाइपरायटर काढला, आणि त्या दशकाच्या अखेरीस डिक्टेशनची यंत्रं आणि हे टाइपरायटर एकाच माळेत ओवून 'वर्ड प्रोसेसिंग' या नावाने विकायला सुरुवात केली. म्हणजे मुळात वर्ड प्रोसेसर हा बोलणं कागदावर आणायच्या साखळीचा एक तुकडा होता.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण मी तेच काम करते. मुलाखती उतरवते. लोकांनी रेकॉर्ड करून आणलेलं बोलणं ऐकायचं आणि वर्डच्या फाइलमध्ये टाइप करायचं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास जातात. बोलणाऱ्याच्या मागे गिरणीचा पट्टा किंवा कोंबडा असेल तर आठ. घरी विचारतात, "अजून हे हातानेच करावं लागतं? मोबाइलला सांगितलं की तो लिहितो ना?" लिहितो की. त्याच्याकडे येतेच. पण त्याआधी हे काम करणाऱ्यांचा इतिहास सांगायचाय, कारण तो सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि त्यात हेडफोन लावलेली बाई कुठेच नसते.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला. पुढच्याच वर्षी त्याने एका लेखात या यंत्राच्या उपयोगांची यादी दिली. आपल्याला वाटेल पहिला नंबर गाण्याचा. गाणं चौथं होतं. पहिला उपयोग होता लघुलेखकाशिवाय पत्रं आणि इतर मजकूर सांगणं. पिटमनची लघुलिपी तेव्हा चाळीस वर्षांची झाली होती. साहेब सांगतोय आणि समोर बसलेला माणूस रेघोट्यांमध्ये टिपून घेतोय, ही पद्धत रुळलेली होती. एडिसनला तो समोरचा माणूस नको होता. यंत्राशी बोला, मेणाची नळकांडी पुढच्या टेबलावर पाठवा. कोलंबिया कंपनीने १९०७ साली 'डिक्टाफोन' हे नाव नोंदवलं आणि पुढे ते नाव अख्ख्या जातीचंच झालं, आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणायचे तसं. नळकांडी भरली की तिच्यावरचा मेणाचा थर तासून काढायचं वेगळं यंत्र असे. तासली की पुन्हा कोरी. म्हणजे पत्र टाइप झालं की साहेबाचा मूळ आवाज शब्दशः किसून टाकला जाई. उरे तो टाइप केलेला कागद.

या कामाचं मी वाचलेलं सगळ्यात चांगलं वर्णन एका भुताच्या कादंबरीत आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला', १८९७ची. सिनेमे पाहून आपल्याला दात आणि वटवाघळं आठवतात, पण कादंबरीत एक डॉक्टर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवत असतो. महिनोन्‌महिने बोलतो. मग एक दिवस मिना नावाची नायिका त्यातला एक भाग ऐकायला मागते तेव्हा त्याच्या लक्षात येतं की हवी ती जागा त्या नळकांड्यांमध्ये शोधायची कशी, हे आपल्याला ठाऊकच नाही. मिना सगळं ऐकते आणि टाइपरायटरवर उतरवते, तेही एकदम तीन प्रती निघतील असं. पुढे ड्रॅक्युला येऊन हस्तलिखितं जाळतो, नळकांडी आगीत टाकतो. तिजोरीतली टाइप केलेली प्रत तेवढी वाचते. राक्षसाला शेवटी गाठता येतं त्यात लसणाचा आणि क्रूसाचा वाटा आहेच, पण मिनाच्या टायपिंगचा वाटा मला जास्त मोठा वाटतो. अर्थात, माझं मत बाजूने झुकलेलं असणारच.

तर, डॉक्टरला पडलेला हा प्रश्न खरा आहे. आवाज चाळता येत नाही. पुस्तकाची पानं फडफडवता येतात, टेपची नाही. म्हणून रेकॉर्डिंग कितीही स्वस्त झालं तरी उतरवणाऱ्यांचं काम संपलं नाही, उलट वाढलं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी साहेबांच्या दारात बसणाऱ्या सेक्रेटऱ्या उठवून एका मोठ्या खोलीत ओळीने बसवल्या. त्या खोलीला 'वर्ड प्रोसेसिंग सेंटर' म्हणत. साहेब फोनवरून बोलायचा, तिकडे टेप फिरायची, आणि बोलणारा कोण हे न पाहताच ती टाइप करायची. टेप थांबवायला आणि मागे न्यायला पायाखाली पेडल, म्हणजे हात मोकळे. शिवणयंत्रासारखंच. माझ्याकडे पेडल नाही, मी कीबोर्डवरच्या एफ४ला ते काम लावून ठेवलंय, पण टेबलाखाली पाय मात्र उगाच हलत असतो.

या पेडलने एकदा अमेरिकेचं राजकारण हलवलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ साली व्हाइट हाउसमध्ये गुपचूप रेकॉर्डिंगची सोय करून घेतली होती. जवळपास ३,७०० तासांच्या टेपा भरल्या. वॉटरगेट प्रकरणात या टेपा आहेत हे जुलै १९७३मध्ये उघड झालं आणि त्या ऐकून उतरवायचं काम निक्सन यांच्या सेक्रेटरी रोज मेरी वुड्स यांच्यावर आलं. २० जून १९७२च्या टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती घरघर निघाली. वुड्स म्हणाल्या, की उतरवताना फोन वाजला, तो घ्यायला वळले, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि पाय पेडलवरच राहिला. पण पाचेक मिनिटं, त्याहून जास्त नाही. मग छायाचित्रकारांसमोर त्यांना ते करून दाखवावं लागलं. एक पाय पेडलवर ठेवून, अंग पूर्ण ताणून, मागच्या टेबलावरच्या फोनकडे हात लांबवलेला तो फोटो जगभर छापला गेला आणि लोक हसले. तज्ज्ञांच्या समितीने नंतर सांगितलं, की टेप निदान पाच वेगवेगळ्या वेळा पुसली गेली आहे. एका पायाच्या चुकीने हे होत नाही. कुणी पुसली ते आजवर सिद्ध झालेलं नाही. हसं मात्र टाइप करणारीचं झालं.

पण मला त्या साडेअठरा मिनिटांपेक्षा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ३० एप्रिल १९७४ला निक्सन यांनी टेपांऐवजी टाइप केलेला मजकूर जाहीर केला. बाराशेहून जास्त पानं. टीव्हीवर भाषण करताना शेजारी फायलींची चळत रचलेली. घ्या, सगळं उघड केलं! त्या पानांत जागोजागी चौकटी कंसात लिहिलं होतं की इथे शिवी गाळली आहे, इथे ऐकू येत नाही. मग संसदेच्या न्यायविषयक समितीने तिच्याकडे असलेल्या टेपांवरून स्वतःचा मजकूर तयार केला आणि दोन्ही शेजारी ठेवले. फरक निघाले. एकाला जे ऐकू आलं नव्हतं ते दुसऱ्याला आलं होतं. आवाज एकच, उतरवणारे दोन, कागद दोन. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ टेपाच द्या असा निकाल दिला आणि ऑगस्टमध्ये निक्सन गेले.

'ऐकू येत नाही' हे शब्द मी रोज दहादा टाइप करते. त्यांच्यात केवढी ताकद आहे हे त्या प्रकरणामुळे कळलं.

मराठीला हा प्रश्न यंत्रांच्या फार आधी पडला होता. मराठी गद्याचा आद्यग्रंथ म्हणून आपण ज्याला मानतो ते 'लीळाचरित्र' म्हणजे काय? उतरवून घेतलेलं बोलणं. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आठवणी गोळा केल्या. तेराव्या शतकात, पायी. पुढे मूळ पोथी गमावली आणि लोकांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा जुळवावा लागला, म्हणून त्याचे एकाहून अधिक पाठ झाले. त्यातला एक हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. हिराइसेच्या नशिबी निदान नाव आलं. ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानेश्वरांनी, लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. त्यांचंही नाव ग्रंथातच आहे. वर्ड प्रोसेसिंग सेंटरमधल्या किती जणींचं नाव आपल्याला सांगता येईल?

एक नाव मला माहीत आहे. ब्रिटिश लेखक लेन डेटन यांची 'बॉम्बर' ही १९७०ची कादंबरी. वर्ड प्रोसेसरवर लिहिलेली पहिली कादंबरी असं तिला म्हणतात. आयबीएमचं ते यंत्र इतकं अवजड होतं की लंडनमधल्या घराची खिडकी काढून ते आत घ्यावं लागलं. त्यावर बसून टाइप करत होत्या त्यांच्या सहायक एलेनॉर हँडली. आधी एकेक प्रकरण पुन्हा पुन्हा टाइप करायचा त्रासही त्यांचाच होता.

आता यंत्राने ऐकायची गोष्ट. ती थोडक्यात सांगते, कारण तिचे व्हिडिओ तुम्हाला पैशाला पासरी मिळतील. १९५२ साली बेल लॅबचं यंत्र शून्य ते नऊ हे आकडे ओळखायचं. १९६२च्या सिएटलच्या प्रदर्शनात आयबीएमचं यंत्र १६ शब्दांपर्यंत पोचलं. खरी उडी १९७०नंतर आली, जेव्हा आयबीएममधल्या फ्रेड येलिनेक यांच्या गटाने ठरवलं की यंत्राला भाषा समजायची गरजच नाही. या शब्दानंतर कुठला शब्द यायची शक्यता जास्त, एवढा हिशोब त्याला आला तरी पुरे. ८०च्या दशकात त्यांचं यंत्र २०,००० शब्द हाताळू लागलं. त्याचं नाव त्यांनी टँगोरा ठेवलं, जलद टायपिंगच्या स्पर्धा जिंकणाऱ्या अल्बर्ट टँगोरा यांच्यावरून. जिची जागा घ्यायची तिचंच नाव यंत्राला द्यायचं झालं, तेव्हाही पुरुष सापडला! १९९०मध्ये 'ड्रॅगन डिक्टेट' आलं, सुमारे ९,००० डॉलरला, आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं. १९९७च्या आवृत्तीत सलग बोलता येऊ लागलं. गूगलच्या बोलून टाइप करायच्या सोयीत मराठी आली ऑगस्ट २०१७मध्ये. वर्डच्या वेब आवृत्तीत रेकॉर्डिंग चढवून मजकूर काढायची सोय २०२०ची, सुरुवातीला फक्त इंग्रजीसाठी.

या हिशोबातली मेख अशी, की शक्यता कुणाच्या बोलण्यावरून मोजायची? ज्यांचं लिहिलेलं-बोललेलं यंत्राला भरपूर मिळालं, त्यांच्या. मराठीत ते म्हणजे वर्तमानपत्रं, बातम्या, पुस्तकं. 'होतं' हजारो वेळा, 'व्हतं' क्वचित.

आणि हा फक्त यंत्राचा दोष नाही. गाय पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त ओव्या. १९९०च्या दशकात संगीत आणि संगणक दोन्हीतले जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि बायकांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग झालं. ते सगळं देवनागरीत उतरवून संगणकावर ठेवलं गेलं, आणि २०१७पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर आवाज आणि मजकूर शेजारी शेजारी येतात. फोनवर उघडून बघा. एक डोळा मजकुरावर ठेवून ऐकलं, की उतरवणाऱ्यांनी किती ठिकाणी कान देऊन निर्णय घेतला असेल ते कळतं. बाई 'न' म्हणतेय की 'ण', तो शब्द तोडायचा की जोडायचा, मधला हेल लिहायचा कसा. आपल्या लिपीत 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च सारखाच लिहितात, मग हेल कुठून येणार?

त्यात त्या काळी मराठी टायपिंग म्हणजे फॉन्टची भानगड. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी प्रत्येक फॉन्टचा आपला संकेत. त्या वेळची फाइल आज फॉन्टशिवाय उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. माझ्याकडे एकदा अशा ४० फ्लॉपींवरून काढलेल्या फायली आल्या होत्या. बोलणारे बरेचसे गेलेले, कॅसेटना बुरशी, आणि उतरवलेला मजकूर वाचता येईना. फॉन्ट बदलणारी प्रणाली लावून, मग जोडाक्षरं हाताने दुरुस्त करून तीन महिन्यांत तो सोडवला. मिनाच्या तिजोरीलाही किल्ली लागतेच.

सध्या माझ्यासमोर कोयना धरणात गाव गेलेल्या एका आजींचं रेकॉर्डिंग आहे. दोन तास दहा मिनिटं. ज्या संस्थेसाठी काम करते तिथे आता पहिला मसुदा यंत्राकडून काढून घेतात आणि मी तो फक्त 'तपासायचा' असतो. मोबदलाही तपासण्याचा, म्हणजे निम्मा. मसुदा दिसायला छान असतो. पूर्णविराम, परिच्छेद, सगळं जागच्या जागी. त्यात ४१व्या मिनिटाला वाक्य आलं: "मग आमचं गाव उठलं." वाचायला काही खटकत नाही. गाव उठणं हा वाक्प्रचार आहेच.

मी ऐकलं. आजी ते वाक्य दबक्या आवाजात, जवळपास श्वासावर बोलल्यात. मागे भांडी घासल्याचा आवाज आहे. वेग कमी करून ऐकलं, हेडफोन बदलून ऐकलं, अकरा वेळा. त्या म्हणतात, "मंग आमचं गाव उठिवलं." मध्ये एक 'व' आहे. उठलं म्हणजे आपण होऊन, पाऊस पडावा तसं. उठिवलं म्हणजे कुणीतरी उठवलं. अख्ख्या मुलाखतीत त्या सरकारचं नाव घेत नाहीत, कुणावर आरोप करत नाहीत. त्यांची तक्रार त्या एका 'व'मध्ये आहे, आणि यंत्राने शक्यतेचा हिशोब करून तो काढून टाकला होता.

मी दुरुस्त करून पाठवलं. परत आलं. संपादनात 'आमचे गाव विस्थापित झाले' असं केलेलं होतं, वाचकांना समजावं म्हणून. 'झाले'! यंत्राने निदान क्रियापद गावरान ठेवलं होतं. मी फोन करून भांडले. म्हटलं, साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमसुद्धा पात्राच्या तोंडच्या बोलीला जागा देतात, आणि ही तर जिवंत बाई आहे. पलीकडचे गृहस्थ वाईट नाहीत. ते म्हणाले, "ताई, ग्रामीण बोलणं तसंच छापलं की लोक त्या बाईला अडाणी समजतात. आपण तिचा मान राखायला नको का?" या मुद्द्यावर मी अडले, अजूनही अडलेली आहे. विधिमंडळात आमदारांची भाषणं टिपणारे प्रतिवेदक वाक्यांचे सांधे नीट करत असतील तर कुणी हरकत घेत नाही. मग आजींचंच बोलणं जसंच्या तसं, खरबरीत का ठेवायचं? आमदाराला सभ्य भाषा आणि आजींना 'अस्सल' बोली, ही वाटणी मलाही पटत नाही.

आमची तडजोड अशी झाली. 'आमास्नी'चं 'आम्हाला' करायला मी हरकत घ्यायची नाही. क्रियापदांना हात लावायच्या आधी त्यांनी मला विचारायचं. आणि प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला रेकॉर्डिंगमधली वेळ लिहायची, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला तिथे जाऊन ऐकता येईल. वेळ लिहायची कल्पना माझी नव्हे, कायद्याची आणि संशोधनाची कामं करणारे उतरवणारे ती पूर्वीपासून वापरतात. वेळखाऊ आहे, तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

फाइल गेल्या आठवड्यात आजींच्या घरी पोचली. त्यांचा नातू पनवेलला असतो, त्याने पीडीएफ मोबाइलवर उघडली आणि वर शोधायच्या चौकटीत गावाचं नाव टाकलं. सात ठिकाणी सापडलं, तसा त्याने मेसेज केला. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला. गावाच्या नावाशेजारी ०:४१:१६ असं काय लिहिलंय, आणि ते आजीच्या आवाजात ऐकायला मिळेल का?